दातांत धरलेली काठी

त्या वर्कशॉपमध्ये कोणी ओरडत नसे. गाड्या दुरुस्त करायच्या जागी हे जरा अजबच. पाना आणि हातोडी जिथे नांदतात तिथे आरडाओरडा आणि शिव्या ओघाने येतातच. पण आरोग्य खात्याच्या या वर्कशॉपात सगळा कारभार ठोक्यांवर चाले. बॉनेटवर, दारावर, मडगार्डवर, हाताशी येईल त्या पत्र्यावर. दोन ठोके म्हणजे इंजिन चालू करा. तीन म्हणजे रेस वाढवा. एक म्हणजे बंद. बाहेरून आलेल्याला वाटे, काय ही शिस्त! आतल्या माणसांना खरं कारण माहीत होतं आणि ती सगळी मूग गिळून बसली होती.

खरं कारण असं, की मिस्त्रींना ऐकू येत नव्हतं.

लहानपणापासून त्यांचे कान वाहत. बारा वर्षांपूर्वी एका तापात दोन्ही पडदे गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, आतली नस शाबूत आहे, पडदे तेवढे गेलेत, राजधानीला नेऊन ऑपरेशन करून घ्या. राजधानी दोन दिवसांच्या वाटेवर. मिस्त्री म्हणाले, म्हातारीचा गिअरबॉक्स उघडा पडलाय, तो झाला की जातो. म्हातारी म्हणजे खात्याची सर्वांत जुनी अँब्युलन्स. गिअरबॉक्स झाला, मग क्लच आला, मग मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, आणि ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. आता कोणी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर त्यांना पिंपात बोलल्यासारखं नुसतं घुमे. शब्द म्हणून काही हाती लागत नसे.

ठोक्यांची रीत सुरू केली त्यांच्या बायकोने. वर्कशॉपच्या मागेच त्यांचं क्वार्टर. दुपारी ती मागच्या दारात उभी राहून हाक मारायची, ‘‘चला, ताट वाढलंय!’’ कान गेल्यावर ती हाक गाडीखाली पोचेना. दोन दिवस तिने वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी पदर खोचून आत आली आणि गाडीच्या पत्र्यावर एक सणसणीत ठोका दिला. पाठीखालची जमीन, डोक्यावरचा पत्रा, हातातला पाना, सगळीकडून तो ठोका मिस्त्रींच्या हाडांत शिरला. एक ठोका म्हणजे बंद करा आणि जेवायला चला. बाकीचे ठोके नंतर गरजेप्रमाणे वाढले. ती जाऊन आता पाच वर्षं झाली होती, पण तिचा एक ठोका अजून पहिल्या नंबरावर होता.

हे सगळं जिला तोंडपाठ होतं ती मिस्त्रींची मुलगी. सुट्या भागांचं स्टोअर तिच्या ताब्यात होतं, म्हणून सगळे तिला स्टोअरताई म्हणत. मिस्त्रींना ती आबा म्हणे, पण म्हणायचं कुणासाठी? बारा वर्षं ती त्यांच्याशी खडूने बोलत आली होती. फरशीवर, टायरवर, दरवाजाच्या आतल्या बाजूला. आबा मात्र तोंडाने उत्तर देत, अगदी हळू आवाजात; कान गेल्यापासून त्यांचा आवाज चढण्याऐवजी उतरला होता. नवख्यांना वाटे, काय शांत गृहस्थ आहेत.

या वर्कशॉपात गाडी चालती ठेवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. नोंदीवर गाड्या नऊ. त्यातल्या तीन नव्याकोऱ्या, लांबच्या कुठल्या देशाने भेट दिलेल्या, सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच. त्या सगळ्यांत आधी मेल्या. त्यांना लागतं स्वच्छ डिझेल, आणि इथे डिझेल येतं पिंपातून, तळाला बोटभर गाळ घेऊन. एक दिवस तिघींच्या काचेवर लाल दिवा लागला, आणि तो का लागला हे सांगणारं यंत्र देशात एकच होतं. सुटा भाग मागवून चौदा महिने झाले, तो अजून यायचाच होता. रस्त्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांवरून आलेल्या गाडीचे नट रोज आवळावे लागत, आणि एअर फिल्टर झटकला की खाली मुठीएवढी धूळ पडे.

आणि तरीही म्हातारी चालत होती. अकरा मेलेल्या गाड्यांचे अवयव तिच्या अंगात होते. वरच्या डोंगरातल्या सात गावांपर्यंत जाणारी ती एकटीच. लशींच्या बर्फाच्या पेट्या तीच नेई आणि परत येताना आडवी माणसं आणी. स्टोअरताईने आयुष्यभर हे पाहिलं होतं, तरी म्हातारी फाटकातून बाहेर पडली की तिला दर वेळी नवल वाटे. रोज उठून हे कसं काय घडतं? कुठली तरी मोठी गोष्ट आपल्यासमोर चालली आहे आणि आपण तिच्या नुसत्या पावत्या फाडतोय, असं तिच्या मनात येई.

त्या मोठ्या गोष्टीचं मूळ स्टोअरच्या खिळ्याला टांगलेलं असे. एक काठी. दीड हात लांब, अंगठ्याएवढी जाड, कुठल्याशा जुन्या खाटेच्या लाकडाची. एका टोकाला तेलाचा काळा थर, दुसऱ्या टोकाला दातांच्या खुणा. आबा काळं टोक चालू इंजिनाला लावत, दुसरं दातांत धरत आणि डोळे मिटत. मग दोन-तीन मिनिटं त्यांच्याकडे नुसतं बघत राहायचं. भुवया वर जात, खाली येत, कधी चेहरा दुखावल्यासारखा होई. शेवटी काठी तोंडातून काढून ते सांगत, पाण्याच्या पंपाचं बेअरिंग महिनाभर टिकेल. किंवा, तिसऱ्या नंबरचा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. ते बरोबर निघे. ते चुकल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

आणि अशा माणसाला घरी पाठवायचं पत्र आलं होतं.

पत्रात आबांचं नाव नव्हतं, नियम होता. खात्याच्या सगळ्या वर्कशॉपांतल्या कामगारांचे डोळे आणि कान तपासायचे. नापास होईल त्याला त्याच दिवसापासून सेवामुक्त करायचं. राजधानीतून एक तपासणी साहेब तीन दिवसांसाठी येणार होते. गाड्याही तेच बघणार, माणसंही तेच. स्टोअरताईने पत्र दोनदा वाचलं. आबांच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. त्या दोन वर्षांत म्हातारीची जागा घेणारं काहीतरी येईल, असं ती स्वतःला समजावत आली होती. आबा आजच गेले तर म्हातारी पंधरा दिवसही काढणार नाही, आणि गाडीविना आबा किती काढतील, याचा तर ती विचारच करू शकत नव्हती.

‘‘तीन दिवस तर आहेत,’’ म्हातारीचा ड्रायव्हर म्हणाला. हा इतका सावकाश गाडी चालवी की सगळे त्याला गोगलगाय म्हणत. वीस वर्षांत त्याने एक स्प्रिंग तोडली नव्हती, त्यामुळे त्याला या नावाचा अभिमानच होता. ‘‘साहेबाला मी बोलण्यात गुंतवतो. तू मागे उभी राहून आबांना खुणा कर. निभेल ताई, सगळं निभेल.’’

पहिल्या दिवशी निभलं. साहेब स्वतःच जीप चालवत आले. चाळिशीचे, धुळीने केस पांढरे झालेले, हातात फायली. जीप आवारात वळत असताना आबा उठले, त्यांनी तिच्या पुढच्या मडगार्डवर तळवा ठेवला आणि तसेच दहा पावलं तिच्याबरोबर चालत गेले. कुणी पाहुण्याच्या गाडीचं असं स्वागत करतं का? साहेबांना वाटलं, इकडची पद्धत असेल. गाडी थांबल्यावर आबांनी खिशातून खडू काढला आणि उजव्या पुढच्या चाकावर एक गोल केला.

‘‘हे काय?’’ साहेबांनी विचारलं.

आबा तोवर पाठ वळवून निघून गेले होते. ‘‘त्यांची सवय आहे साहेब,’’ गोगलगाय घाईने म्हणाला. ‘‘आलेल्या गाडीवर खूण करतात. मोजायला बरं पडतं.’’ ‘‘माझी गाडी गेल्याच महिन्यात मुख्य वर्कशॉपातून तपासून आलीय,’’ साहेब म्हणाले आणि त्यांनी रुमालाने खडू पुसून टाकला.

दिवसभर त्यांनी गाड्या पाहिल्या. तीन नव्या गाड्यांपाशी ते सीटवरच्या प्लास्टिकवरून बोट फिरवून पुढे गेले. ‘‘किती शांतता आहे हो तुमच्याकडे,’’ ते जाताना म्हणाले. ‘‘बाकी ठिकाणी कान किटतात.’’ गोगलगायीला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी घोळ झाला, आणि तो असा, की या वर्कशॉपाखेरीज जगात दुसरीकडे कुठे होणं शक्य नव्हतं.

साहेबांकडे एक यंत्र होतं, इंजिनाची थरथर मोजणारं. चपटी डबी आणि तिला लांबलचक वायर. साहेब म्हातारीचं बॉनेट उघडून आत वाकले आणि आबांना त्यांनी हातानेच खूण करून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. गोगलगाय पेट्या उतरवायला गेला होता. स्टोअरताई स्टोअरमध्ये वॉशर शोधत होती. इंजिन संथ चालत होतं. साहेबांच्या एका हातात डबी, दुसऱ्या हातात क्लिप, आणि वायरचा झोल हळूहळू पंख्याकडे सरकत असलेला त्यांना दिसला.

‘‘बंद करा!’’ साहेब ओरडले.

उघड्या बॉनेटच्या मागे आबा समोर बघत निवांत बसले होते.

‘‘अहो, बंद करा! मिस्त्री!’’ आणि साहेबांनी काय केलं, तर घाबरलेला कुठलाही माणूस करेल तेच. त्यांनी मूठ आवळून मडगार्डवर दाणदाण आपटली. तीनदा.

आबांनी आज्ञाधारकपणे रेस वाढवली.

स्टोअरताईने तो आवाज आतून ऐकला. आधी तीन ठोके, मग म्हातारीची किंकाळी, मग साहेबांची. ती वॉशर टाकून धावली. साहेब पुन्हा बडवत होते, आणि ते जितके बडवत तितका आबा पायाने जोर देत होते. पंख्याने वायर ओढून घेतली, डबी साहेबांच्या हातातून सुटली आणि खडाखडा करत तिचे तुकडे चारी दिशांना उडाले. स्टोअरताईने हाताला लागला तो पाना उचलला आणि दारावर एक ठोका दिला.

इंजिन बंद झालं.

साहेबांच्या दोन बोटांतून रक्त येत होतं. चेहरा पांढराफटक. ते बॉनेटला वळसा घालून आले आणि आबांच्या दाराशी उभे राहून म्हणाले, ‘‘मिस्त्री.’’ आबा किल्लीकडे बघत होते. ‘‘मिस्त्री,’’ साहेब पुन्हा म्हणाले, मोठ्याने. मग त्यांनी स्टोअरताईकडे पाहिलं.

‘‘यांना ऐकू येत नाही.’’

तो प्रश्न नव्हता, त्यामुळे उत्तर टाळायचीही सोय नव्हती. ‘‘बारा वर्षं झाली,’’ ती म्हणाली. तिने साहेबांची बोटं धुतली, पट्टी बांधली, ठोक्यांची सगळी हकिगत सांगितली. म्हातारीची सांगितली, काठीची सांगितली. साहेब ऐकून घेत होते. ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

‘‘ताई,’’ शेवटी ते म्हणाले, ‘‘गेल्या वर्षी एका वर्कशॉपात असाच एक जण ओरडला आणि दुसऱ्याला ऐकू गेलं नाही. एकाचा हात कोपरापासून गेला. तो कागद मीच भरला होता. आज माझी बोटं वाचली, उद्या कुणाची जातील. तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे, पण उद्या सकाळी मला खरं तेच लिहावं लागेल.’’

त्यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं, हेच तिला सलत राहिलं. तिने आबांसमोर फरशीवर लिहिलं, ‘साहेबांना कळलं.’ आबांनी वाचलं, मान हलवली आणि पायाने खडू पुसून टाकला. मग पंख्यात अडकलेले वायरचे तुकडे ते एकेक करून चिमट्याने काढत बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब बॅग घेऊन आले, तर जीपच्या उजव्या पुढच्या चाकावर पुन्हा खडूचा गोल. या वेळी दोनदा गिरवलेला.

‘‘कमाल आहे!’’ साहेब म्हणाले. ‘‘यांचं म्हणणं तरी काय आहे?’’

आबा जॅक घेऊन चाकापाशीच बसले होते. ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘साहेब, हे चाक घेऊन घाट उतरू नका.’’

साहेबांनी फाइल उघडून मुख्य वर्कशॉपचा दाखला दाखवला. नवं बेअरिंग, यंत्रावर तपासलेलं, सही, शिक्का. आबांनी तो दाखला वाचला, घडी घालून आदराने परत दिला आणि जॅक लावला. साहेबांनी बॅग खाली ठेवली. कालच्या प्रकारानंतर निदान इतका वेळ तरी या माणसाला द्यावा, असं त्यांना वाटलं असावं.

चाक जमिनीवरून उचललं. आबांनी ते हाताने फिरवलं. स्टोअरताईने कान टवकारले. तिला नुसती सूं अशी सळसळ ऐकू आली, कुठल्याही चाकाची येते तशी. साहेब खाली वाकले. त्यांनाही काही ऐकू आलं नाही. मग आबांनी हात मागे केला आणि तिने खिळ्यावरची काठी आणून त्या हातात ठेवली.

काळं टोक चाकामागच्या लोखंडाला. दुसरं दातांत. डोळे मिटले. चाक फिरत होतं आणि आबांच्या कपाळावर एक शीर हळूहळू उठून दिसू लागली. पेट्या भरणारा गोगलगायसुद्धा एक पेटी छातीशी धरून तसाच उभा राहिला.

आबांनी काठी काढली. ‘‘बाहेरचं बेअरिंग,’’ ते म्हणाले. ‘‘आतली जाळी तुटलीय. तीन छर्रे जागेवर नाहीत. एकाचा तुकडा उडालाय.’’

‘‘तीन?’’ साहेब म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी बोटं दाखवली. तीन?

आबांनी मान डोलावली.

चाक उतरवलं. हब उघडला. ग्रीस काळं पडलेलं होतं आणि जळका वास येत होता. बेअरिंग बाहेर काढून आबांनी ते जुन्या कागदावर ठेवलं आणि रॉकेलने धुतलं. जाळी तुटली होती. तीन छर्रे एकमेकांच्या अंगावर चढून बसले होते, बाकीचे आपापल्या जागी. आणि त्या तिघांपैकी एकाचा मोहरीएवढा टवका गेला होता.

साहेबांनी ते मोजले. मग परत मोजले. ते एका पालथ्या पिंपावर बसले. आबांनी कानस घेऊन बेअरिंगच्या कडेवर एकदा ओढली आणि साहेबांसमोर धरली. कानशीचा ओरखडा स्पष्ट उमटला होता. खऱ्या बेअरिंगवर कानस घसरते, चावत नाही, एवढं साहेबांना माहीत होतं. बेअरिंगवरचं नाव मोठ्या कंपनीचं, अक्षरं झकास, दाखल्यावर शिक्का राजधानीचा आणि माल बनावट. घाटात चौथ्या-पाचव्या वळणावर ते चाक गाडीचा निरोप घेणार होतं.

‘‘लोखंडातून ऐकतात,’’ साहेब स्वतःशीच म्हणाले. ‘‘लाकडातून ऐकतात. माझं यंत्र...’’ त्यांनी वाक्य सोडून दिलं. स्टोअरताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की हा माणूस आत्ता जे अनुभवतोय ते ती रोज म्हातारी फाटकाबाहेर पडताना अनुभवते. तिला एकदम त्यांच्याबद्दल आपलेपणा वाटला.

तिने स्टोअरच्या भिंतीवरून एक बेअरिंग आणलं, नऊ वर्षांपूर्वी मेलेल्या एका जीपचं, तेलाच्या कागदात गुंडाळलेलं. आबा ते बसवू लागले. साहेबांनी फाइल मांडीवर घेतली, कागद काढला, पेन काढलं आणि एका चौकटीपाशी थबकले.

‘‘काय विचारलंय त्यात?’’ स्टोअरताईने विचारलं.

‘‘तीन हातांवरून उच्चारलेले पाच शब्द कर्मचारी ऐकून परत सांगतो का? हो किंवा नाही.’’ त्यांनी कपाळ चोळलं. ‘‘छर्रे मोजतो का, असं विचारलेलं नाही. मी काय लिहू, ताई? मी डोळ्यांनी पाहिलं, या माणसाला ऐकू येतं. पण शब्द?’’

ती आबांकडे बघत होती. काम संपलं होतं. काठी चाकाला टेकून उभी होती. लोखंडातून ऐकतात. लाकडातून ऐकतात. मग हाडातून? तिच्या मनात एक गोष्ट आली, इतकी सोपी की तिला आधी हसू आलं आणि मग भीती वाटली. बारा वर्षं काठी तिच्या टेबलासमोरच्या खिळ्यावर लटकत होती. रोज तिनेच ती काढून दिली, तिनेच परत लावली. काठी गाड्यांची म्हणून गाड्यांना लावायची, यापलीकडे कुणाच्या डोक्यात काही आलं नव्हतं. तिच्याही नाही, आबांच्याही नाही.

‘‘ते पाच शब्द दाखवा,’’ ती म्हणाली.

तिने काठी उचलली, काळं टोक आपल्या हनुवटीवर दाबून धरलं आणि आबांसमोर उकिडवी बसली. आबा हसले. ‘‘तुला काय झालं? टॅपेट वाजतायत?’’ ती हसली नाही. तिने डोळ्यांनी दुसऱ्या टोकाकडे खूण केली. लेकीचा हट्ट म्हणून त्यांनी ते टोक दातांत धरलं आणि सवयीने डोळे मिटले.

तिने कागदावरचा पहिला शब्द उच्चारला. ‘‘खिडकी.’’

आबांनी डोळे उघडले. काठी तोंडातून काढली, तिच्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, टोक शर्टाला पुसलं आणि परत दातांत धरलं. या वेळी दोन्ही हातांनी.

‘‘खिडकी,’’ ती पुन्हा म्हणाली.

मग आबा काठी काढून आपल्या त्या हळू आवाजात म्हणाले, ‘‘तुझा आवाज आईवर गेलाय.’’

गोगलगायीने पेटी खाली ठेवली.

‘‘मिस्त्री,’’ साहेब म्हणाले. ‘‘शब्द. मला शब्द सांगा.’’ आणि त्यांनी स्वतःच्या ओठांकडे बोट दाखवून पुन्हा विचारलं, ‘‘शब्द काय होता?’’

‘‘खिडकी म्हणाली,’’ आबा म्हणाले. ‘‘पण कशी म्हणाली, ते ऐकलंत का तुम्ही?’’

पुढचे चार शब्द तिने एकामागून एक सांगितले. दगड. पाऊल. सकाळ. दोरी. आबांनी चारही बरोबर सांगितले. साहेबांनी ‘हो’ समोर खूण केली. मग खाली बारीक अक्षरात लिहिलं: काठीच्या साहाय्याने, अंतर दीड हात. तीन हातांचं काय, असं वरून विचारलं तर दोन काठ्या जोडून दाखवू, असं ते म्हणाले. आणि एक अट त्यांनी घातली. ठोक्यांचा अर्थ प्रत्येक गाडीपाशी भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवायचा, आजच्या आज, आणि दोन महिन्यांत ते स्वतः येऊन बघणार. ‘‘नाहीतर माझ्यासारखा एखादा शहाणा येऊन बडवेल,’’ ते पट्टी बांधलेली बोटं हलवत म्हणाले.

स्टोअरताईने त्यांना नमस्कार केला. काहीतरी बोलायला हवं होतं, पण तिचं लक्ष आबांकडे होतं. यादी संपली होती. कागद साहेबांनी फाइलमध्ये ठेवलाही होता. आबांनी मात्र काठी पुन्हा दातांत धरली होती, आणि ते दुसरं टोक तिच्याकडे करून, डोळे मिटून बसले होते.

तिने टोक हनुवटीला लावलं. आता काय बोलायचं? बारा वर्षांचं साठलेलं होतं, आईच्या शेवटच्या दिवसांतलं तर फरशीवर मावलंच नव्हतं, आणि यातलं एकही वाक्य वेळेवर तोंडात येईना. समोर स्टोअरचं उघडं दार होतं, आत भिंतीवर टांगलेले सुटे भाग दिसत होते. ती तेच वाचू लागली. ‘‘फॅनबेल्ट. ऑइल सील. हेडलाइट, डावा. क्लच प्लेट, जुनी, चालेल.’’ आबा एकेक नाव ऐकत होते आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालांवर येऊन काठीवरून ओघळत होतं. भिंत संपली. ती थांबली. मग तिला न विचारताच तिच्या तोंडून बाहेर पडलं,

‘‘चला, ताट वाढलंय.’’

सकाळचे अकरा वाजले होते. ताट कुठेच वाढलेलं नव्हतं. आबांनी काठी दातांतून काढली, खिळ्याला लावली आणि हात धुवायला निघाले.